गाडीने उडवलं, आता क्लेम कसा करायचा? मुंबईकरांसाठी

मुंबईत अपघात झाला की पहिला शब्द कानावर येतो तो मांडवली. गर्दी जमते, कुणीतरी बाइक उचलून बाजूला लावतो, ड्रायव्हर हात जोडून उभा, मालक फोनवर, आणि एक जण मध्ये पडून म्हणतो अहो काका जाऊ द्या ना, दहा हजार घ्या, पोलिसांत गेलात तर चपला झिजतील. त्या वेळी हातपाय हलत असतात, रक्तही फार नसतं, म्हणून माणूस हो म्हणतो. मग रात्री पाय टम्म सुजतो, एक्सरे निघतो, डॉक्टर सांगतात प्लेट टाकायला लागेल, आणि ते दहा हजार ऑपरेशनच्या आधीच्या टेस्टमध्येच संपतात. म्हणून पहिलं काम म्हणजे रस्त्यावर मांडवली करायची नाही आणि "माझी काही तक्रार नाही" असं कुठल्याही कागदावर लिहून द्यायचं नाही, समोरचा कितीही रडला तरी.

आणि ड्रायव्हर गरीब आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो, भरपाई बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या खिशातून जातच नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे तो याचसाठी. क्लेम टाकताना ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघंही सामनेवाले असतात, पण चेक शक्यतो कंपनीचा येतो. दयामाया दाखवून तुम्ही वाचवता ते कंपनीचे पैसे, ड्रायव्हरचे नाही.

आता हॉस्पिटल. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी, कुठेही न्या, कॅज्युअल्टीत पहिल्या दहा मिनिटांत जे लिहिलं जातं ते पुढे कोर्टात सगळ्यात जास्त चावतं. डॉक्टर घाईत विचारतो काय झालं, सोबत आलेला रिक्षावाला किंवा घाबरलेला भाऊ म्हणतो बाइकवरून पडला, आणि केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं जातं "बाइकवरून पडल्याचा इतिहास", बस्स. दुसऱ्या गाडीने ठोकलं हे कुठेच नाही. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद काढून विचारतो, तुम्ही स्वतःच घसरून पडलात ना? त्यामुळे शुद्धीत असलात तर स्वतः सांगा, नसलात तर घरच्यांनी सांगायचं, की अमुक प्रकारच्या गाडीने, अमुक ठिकाणी, मागून किंवा बाजूने धडक दिली, नंबर माहीत असेल तर नंबर, आणि एमएलसी करायला सांगा, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस म्हणून नोंद. प्रायव्हेट हॉस्पिटलवाले कधीकधी एमएलसीची कटकट नको म्हणून टाळाटाळ करतात, तिथे ठाम राहायचं. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथल्या तिथे वाचा, चूक असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून सही शिक्का घ्या, नंतर तो रेसिडेंट डॉक्टर कुठल्या गावी गेलेला असतो देव जाणे.

एक गोष्ट अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचाराची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये, गाडीचा विमा असो नसो. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर विचारा तरी, विचारायला पैसे पडत नाहीत. आणि उचलून नेणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे, मदत करणाऱ्यावर काही बालंट येत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. पण त्याचा मोबाईल नंबर गोडीने मागून ठेवा, साक्षीदार म्हणून सोनं आहे तो.

पोलीस स्टेशनला एफआयआर. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघाताला भारतीय न्याय संहिता लागते, त्यात बेदरकार गाडी चालवण्याला कलम २८१ आणि जखमी करण्याला कलम १२५, मृत्यू झाला असेल तर १०६. एफआयआर उशिरा झाली म्हणजे क्लेम गेला असं नाही, माणूस आयसीयूत असताना पोलीस स्टेशनला कोण जाणार, कोर्टालाही हे कळतं, पण उशीर का झाला ते जबाबात लिहून घ्या. जबाब मराठीत लिहिलेला असतो, सही करायच्या आधी पूर्ण वाचा, सिग्नल कुठला, तुम्ही कुठल्या लेनमध्ये, गाडी कुठून आली. स्पॉट पंचनाम्यात गाड्या कुठे पडल्या होत्या, काचा कुठे सांडल्या होत्या हे असतं, ड्रायव्हरची चूक ठरवायला ट्रिब्यूनल, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट, तेच बघतं. शक्य असेल तर घरातल्या कुणीतरी त्याच दिवशी जागेचे फोटो काढावेत. आणि सीसीटीव्ही! हायवेला, जेव्हीएलआरला, सिग्नलला पोलिसांचे कॅमेरे आहेत, दुकानदार आणि सोसायट्यांचे वेगळे, पण फुटेज कायम राहत नाही, त्यावर नवीन चढत जातं, त्यामुळे तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की अमुक वेळेचं फुटेज जप्त करा, आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

२०२२ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पोलिसांवरही घड्याळ लावलंय. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्यूनलकडे आणि विमा कंपनीकडे जायला पाहिजे, आणि जखमीला त्याचे हक्क काय आहेत त्याचा फॉर्मही द्यायला पाहिजे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये हे नीट अंमलात आणा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलंय. कागदावर तर असं आहे की पोलिसांचा अहवालच क्लेमचा अर्ज म्हणून धरता येतो. माझं मत विचाराल तर त्याच्या भरवशावर घरी बसू नका, स्वतःचा अर्ज स्वतः टाका. पोलिसांकडून एफआयआर, पंचनामा, ड्रायव्हरचं लायसन, आरसी, विमा पॉलिसी आणि वकील लोक ज्याला फॉर्म एए म्हणतात तो अपघाताच्या माहितीचा पोलिसांचा फॉर्म, एवढ्याच्या कॉपी घ्या, नंतर चार्जशीटची. विमा कुठल्या कंपनीचा तेच कळत नसेल तर परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबरवरून बऱ्याचदा निघतं.

आता घरातलं काम, जे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एक फाईल करा. मेडिकलची बिलं, प्रिस्क्रिप्शन जोडून. ही बिलं थर्मल कागदावर असतात, कपाटात ठेवली तर काही महिन्यांत पांढरीफटक होतात, आकडाही वाचता येत नाही, म्हणून आणल्या दिवशीच झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटो. फिजिओथेरपीवाला घरी येत असेल तर प्रत्येक वेळी पावती, तारखेसकट, त्याच्या रजिस्ट्रेशन नंबरसकट. टॅक्सीचा खर्च, वॉकर, कमोड चेअर, बाई ठेवली असेल तर तिला दिलेले पैसे, शक्यतो जीपेने द्या म्हणजे नोंद राहते. मेडिक्लेममधून बिल भरलं असेल तरी बिलं फेकू नका, मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, तो तुम्ही प्रीमियम भरून घेतलेला वेगळा करार आहे.

मिळकतीचा पुरावा. नोकरीवाल्यांचं सोपं आहे, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, किती दिवस रजा आणि त्यातली किती बिनपगारी याचं कंपनीचं पत्र. लोचा होतो तो रोखीत कमावणाऱ्यांचा. रिक्षावाला, प्लंबर, वडापावची गाडी, घरकाम करणाऱ्या मावशी, यांच्याकडे काहीच नसतं आणि मग ट्रिब्यूनल किमान वेतनाच्या आसपास आकडा धरतं. बॅज, परमिट, बँक पासबुक, यूपीआयचा हिशोब, घाऊक व्यापाऱ्याची बिलं, नेहमीच्या गिऱ्हाइकाची साक्ष, जे असेल ते. आयटी रिटर्न अपघाताआधीचं पाहिजे, अपघातानंतर घाईने मोठा आकडा दाखवून भरलेलं रिटर्न विमा कंपनीचा वकील एका मिनिटात फाडतो. घर सांभाळणाऱ्या बाईची कमाई शून्य असं कोर्ट धरत नाही, सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, तिच्या कामाची किंमत लावतात.

हा आकडा किती फरक पाडतो ते बघा. समजा ३४ वर्षांचा एसी मेकॅनिक, महिन्याला २०,००० कमवतो, पायाला कायमचं अधूपण. कोर्टाचा हिशोब असा चालतो की स्वतःचा धंदा आणि चाळिशीच्या आत असेल तर पुढे वाढू शकणाऱ्या कमाईचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २८,०००, वर्षाचे ३,३६,०००, आणि ३१ ते ३५ वयाला गुणक (किती वर्षांची कमाई धरायची तो आकडा) १६, म्हणजे ५३,७६,०००. कमावण्याची ताकद २५ टक्के गेली असं ठरलं तर १३,४४,०००. आता याच माणसाकडे कागद नाही म्हणून कमाई १२,००० धरली तर हिशोब येतो ८,०६,४००. पाय तोच, दुखणं तेच, फक्त फाईल बारीक होती. (गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला आहे, आणि वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले, वकील दोन्ही नावं दिवसातून दहादा घेतात.) यावर मग औषधपाणी, बुडालेला पगार, पुढे प्लेट काढायच्या ऑपरेशनचा खर्च, वेदना, आयुष्यातली मजा गेली त्याचे वेगळे.

आणि ते २५ टक्के कुठून येतात, इथेच लोक गंडतात. सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं डाव्या पायाला ४० टक्के. लोकांना वाटतं ४० टक्के भरपाई. तसं नाही. ते त्या पायापुरतं आहे, अख्ख्या शरीराचं कमी निघतं, आणि कोर्ट त्याहून पुढे जाऊन बघतं की या माणसाच्या धंद्यावर नेमका काय परिणाम झाला. २०११ च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने उदाहरणच दिलंय, सुताराचा किंवा ड्रायव्हरचा हात गेला तर त्याची कमाई जवळजवळ सगळी गेली, पण सरकारी कारकुनाचा हात गेला तर नोकरी चालू राहू शकते. म्हणून आपल्या मेकॅनिकने कोर्टात नुसतं पाय दुखतो म्हणून चालणार नाही, शिडीवर चढता येत नाही, आउटडोअर युनिट खांद्यावर घेऊन जिना चढता येत नाही, ग्रिलवर उभं राहून गॅस भरता येत नाही, आता फक्त खाली बसून सर्व्हिसिंगचीच कामं घेतो, असं सांगायचं. आणि डॉक्टरने साक्षीत तेच सांगायला पाहिजे. सर्टिफिकेट उपचार पूर्ण झाल्यावर काढा, हाड जुळायच्या आधी नाही, हाजीअलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेतून (एआयआयपीएमआर) किंवा मोठ्या सरकारी, पालिका हॉस्पिटलमधून काढलं तर त्याला वजन असतं. ज्या डॉक्टरने तुम्हाला कधी तपासलंच नाही आणि फीचा आकडा बघून ६० टक्के लिहून देतो त्याच्यापासून लांब राहा, उलटतपासात तो स्वतः पडतो आणि तुम्हालाही पाडतो.

अर्ज कुठे टाकायचा? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात. अपघात जिथे झाला तिथे, किंवा तुम्ही राहता वा धंदा करता तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, निवड तुमची. म्हणजे भांडुपला हायवेवर अपघात झाला आणि तुम्ही ठाण्यात राहता तर ठाण्याच्या कोर्टातही टाकता येतो, कुबडी घेऊन लोकलने साउथ बॉम्बेला जायची सक्ती नाही. गावाला राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांचा मुलगा मुंबईत गेला असेल तर ते त्यांच्या जिल्ह्यातही टाकू शकतात.

मुदत नीट वाचा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिने लिहिलंय. या तरतुदीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने ट्रिब्यूनल्सना सांगितलं की ते प्रकरण चालू असेपर्यंत फक्त मुदत गेली म्हणून क्लेम फेटाळू नका. ज्यांचे सहा महिने उलटून गेलेत त्यांनी म्हणून आशा सोडायची नाही, वकिलाला भेटा. पण ज्यांचे अजून शिल्लक आहेत त्यांनी हा आधार आपल्यासाठी नाही असंच समजा. चार्जशीट आली नाही, सर्टिफिकेट झालं नाही म्हणून थांबायचं नाही, अर्ज आधी, कागद नंतर देता येतात. क्रिमिनल केस वेगळी, क्लेम वेगळा. तिकडे ड्रायव्हर सुटला तरी इकडे क्लेम मिळू शकतो, कारण इथे पुरावा संशयापलीकडे लागत नाही, शक्यता कुठल्या बाजूला झुकते एवढं बघतात.

वकील. हॉस्पिटलच्या गेटवर कार्ड वाटणारे भेटतील, पोलीस स्टेशनबाहेरही भेटतील, एक पैसा देऊ नका साहेब, निकालानंतर इतके टक्के द्या. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे निकालावर अवलंबून अशी टक्केवारीची फी वकिलाला घेताच येत नाही, पण चालतं ते चालतं. निदान कोऱ्या वकालतनाम्यावर, कोऱ्या चेकवर सही नको, बँक पासबुक आणि एटीएम कार्ड वकिलाच्या ऑफिसात ठेवायचं तर अजिबात नाही. बाईमाणूस असेल तर उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कामगार यांनाही. कोर्ट फी किती लागेल ते आधीच विचारा. क्लेमचा आकडा कमी लिहिला गेला म्हणून फार झोप उडवू नका, मागितल्यापेक्षा जास्त द्यायचा अधिकार ट्रिब्यूनलला आहे.

नोटीस गेली की विमा कंपनी ठरलेल्या चाली खेळते. लायसन बोगस किंवा संपलेलं, ही पहिली. त्याने तुमचं शक्यतो बिघडत नाही, बऱ्याच निकालांत कोर्ट म्हणतं आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. दुसरी, चूक तुमचीही होती. राँग साइड, सिग्नल तोडला, मोबाईल कानाला, हे सिद्ध झालं तर तेवढे टक्के कापले जातात, आणि सगळी चूक तुमचीच ठरली तर १६६ खाली काही मिळत नाही. तुमच्याकडे लायसन नव्हतं एवढ्यावरून मात्र चूक ठरत नाही. हेल्मेट नव्हतं आणि मोडला पाय, तर हेल्मेटचा काय संबंध, हे विचारणारा वकील पाहिजे. तिसरी, घरी येणारा गोड बोलणारा इन्व्हेस्टिगेटर, चहा पाजा, पण वकिलाला फोन केल्याशिवाय सही नको. विमाच नसेल गाडीचा तर मालकावर वसुली, ते खरंच अवघड जातं. एसटी किंवा बेस्टची बस असेल तर कंपनीच्या जागी ती संस्था असू शकते, कागद बघून ठरवा.

एक सापळा सांगतो. कलम १६४ खाली चूक कुणाची ते न बघता ठरलेली रक्कम मिळते, गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. पटकन मिळतात, बरं वाटतं. पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपतो. वरच्या मेकॅनिकने अडीच लाख घेतले असते तर? किरकोळ फ्रॅक्चर पूर्ण बरं झालं असेल, चूक कुणाची याचा पुरावा लंगडा असेल, तर अडीच लाख चांगलेच आहेत. कायमचं अधूपण असेल तर आधी हिशोब मांडा. कंपनीने तडजोडीची ऑफर दिली किंवा लोकअदालतीत बोलावलं तरी हेच, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे आत जायच्या आधीच किती खाली उतरायचं तो आकडा घरात बसून ठरवा, तिथे गर्दीत आणि घाईत ठरवू नका. पण कंपनी हिशोबाच्या जवळपास आली असेल तर ताणू नये असं मला वाटतं, हातात आलेले पैसे आणि चार वर्षांनी येणारे पैसे सारखे नसतात.

गाडी पळून गेली, नंबरच नाही, तर हिट अँड रन योजना. गंभीर दुखापतीला ५०,०००, मृत्यूला दोन लाख, अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे, मंजुरी कलेक्टरकडून, उपनगरवाल्यांचं कलेक्टर ऑफिस वांद्रे पूर्वेला, शहरवाल्यांचं फोर्टात जुन्या कस्टम हाऊसमध्ये. रक्कम तुटपुंजी आहे, पण कुणी अर्जच करत नाही हे जास्त वाईट.

निकाल लागला की रकमेवर अर्ज केल्या तारखेपासून व्याज मिळतं, कंपनीने ३० दिवसांत पैसे जमा करायचे असतात. सगळी रक्कम एकदम हातात येईलच असं नाही, बऱ्याचदा काही भाग एफडीत टाकायला सांगतात, ऑपरेशन किंवा मुलांच्या फीसाठी आधी पाहिजे असेल तर तसा अर्ज करता येतो, कोटेशन जोडा. आकडा कमी वाटला तर हायकोर्टात अपील ९० दिवसांत, वादाची रक्कम एक लाखाच्या आत असेल तर अपील नाही. कंपनीही अपील करते, स्टे मागते, अशा वेळी जमा झालेल्या रकमेतला काही भाग काढू द्या असा अर्ज आपल्या वकिलाला लगेच टाकायला सांगा. निकालाची सर्टिफाईड कॉपी त्याच आठवड्यात मागवा आणि पासबुकाच्या पहिल्या पानावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतंय का ते आत्ताच बघून घ्या.